हार्नेस की पिंजरा? कॉकटिएलला गच्चीवर नेताना

जळगावात आमच्या कॉकटिएलला, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाला, गच्चीवर न्यायचं तर दोन मार्ग: अंगात घालायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, किंवा हातात धरायचा छोटा पिंजरा. पंख छाटले की उडणार नाही, हा भ्रम सोडा. वारा मिळाला तर तसा पक्षीही शेजारच्या निंबावर पोचतो.

हार्नेसमध्ये त्याला पंख पसरता येतात, खांद्यावर बसून जग बघता येतं. हे सुख पिंजऱ्यात नाही. पण पट्टा अंगवळणी पडायला आठवडे जातात. आधी तो नुसता जवळ ठेवायचा, मग बाजरीचं कणीस दाखवून त्याला आपणहून डोकं घालू द्यायचं. जबरदस्ती केलीत तर पक्षी तुमच्या हातालाच भिऊ लागेल. छातीवर आवळलेला पट्टा तर जीवघेणा! पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड हलवूनच ते श्वास घेतात. आणि दोरी पायाला कधीच बांधू नका. जोरात झेप घेतली तर पाय मोडू शकतो.

पिंजऱ्याला एवढी शिकवणी लागत नाही. घार, शिक्रा यांच्यापासून आडोसाही त्यातच; हार्नेस उडून जाणं थांबवतो, शिकाऱ्याला नाही. बजरीगर या त्याहून छोट्या, ३०-४० ग्रॅमच्या पोपटासाठी मी पिंजराच सांगेन.

मे महिन्याच्या दुपारी मात्र दोन्ही नको. पारा ४५ अंशांकडे जातो आणि पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकू लागला की लगेच घरात आणा. आम्ही हिवाळ्यातली कोवळ्या उन्हाची सकाळच धरतो.