डेबेझियम, आठ महिन्यांनंतर: मधले अकरा दिवस सोर्सच बंद होता

आमची औषधांची घाऊक विक्री. बिलिंगचा मायएसक्यूएल 8.0 सर्व्हर (सोर्स) सांगलीच्या गोदामात आणि रिपोर्टचा पोस्टग्रेस डेटाबेस (टार्गेट) पुण्याच्या ऑफिसात. या दोघांमध्ये डेबेझियम (एका डेटाबेसमधले बदल टिपून पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि काफ्का (ते बदल वाहून नेणारी रांग). डेबेझियम मायएसक्यूएलचा बिनलॉग (बदलांची नोंदवही) वाचतं, प्रत्येक बदल काफ्कावर टाकतं आणि जेडीबीसी सिंक हा लिहिणारा भाग तो पुण्यात अपसर्ट करतो, म्हणजे ओळ असेल तर बदलतो, नसेल तर घालतो. पहिले पाच महिने सांगलीत बिल फाडलं की काही सेकंदांत पुण्यात दिसायचं. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि या सॉफ्टवेअरची हीच मोठी स्तुती.

मग एका संध्याकाळी सहाच्या सुमारास व्होल्टेज वाढलं आणि सांगलीचा सर्व्हर डिस्कसकट गेला. नवं मशीन येऊन चालू व्हायला अकरा दिवस लागले. तोवर गोदामातली मंडळी वहीत बिलं लिहीत होती.

सर्व्हर उभा राहिला तो बिघाडाच्या दिवशीच्या पहाटे दोनच्या डंपवरून (डेटाबेसच्या पूर्ण प्रतीवरून). म्हणजे पहाटे दोन ते संध्याकाळी सहा, अशी सोळा तासांची बिलं सोर्सकडे नव्हती. पुण्याकडे मात्र होती! नक्कल अस्सलपेक्षा पुढे गेलेली. सोर्स पडला म्हणजे टार्गेट मागे राहणार, असंच आपण धरून चालतो. सगळी रिकव्हरी त्याच समजुतीवर बेतलेली असते, आणि इथे ती उलटी निघाली.

कनेक्टर, म्हणजे डेबेझियमचा सोर्स वाचणारा भाग, रीस्टार्ट केला. वरच्या ओळीत कनेक्टर 'रनिंग', आतला प्रत्यक्ष काम करणारा टास्क 'फेल्ड'. डेबेझियम ज्यात चालतं त्या काफ्का कनेक्टमध्ये ही दोन स्टेटस वेगळी असतात आणि आमचं मॉनिटरिंग फक्त वरची बघत होतं. पडलेला टास्क काफ्का कनेक्ट आपणहून उठवतही नाही. लॉगमध्ये कारण साधं होतं: ऑफसेटमध्ये (कुठवर वाचलं त्या नोंदीत) जुन्या सर्व्हरच्या बिनलॉग फाइलचं नाव, आणि नव्या सर्व्हरचे बिनलॉग 1 पासून सुरू झालेले. ती फाइल सापडत नाही म्हणून तो थांबला. थांबला हे चांगलंच झालं. त्या नावाची फाइल योगायोगाने असती तर भलत्याच जागेवरून वाचत सुटला असता.

दुसरा घाव आमच्याच हातचा. टेबलांच्या रचनेचा इतिहास ठेवणारा टॉपिक (काफ्कामधला कप्पा) आम्ही हाताने बनवला होता आणि त्याची मुदत काफ्काच्या डिफॉल्टवर, म्हणजे 7 दिवसांवर राहिली होती. हा टॉपिक कधीच पुसला जाऊ नये, आणि डेबेझियमला स्वतः बनवू दिला तर ते तसंच बनवतं. कनेक्टर तो फक्त सुरू होताना वाचतो, त्यामुळे महिनोनमहिने तो रिकामा होत असल्याचं कुणाला कळलंच नाही. आउटेजला दोष द्यायला नको. साधा रीस्टार्टही आम्हाला अडकवायला पुरला असता.

सोपा उपाय म्हणजे स्नॅपशॉट (सोर्समधला सगळा डेटा वाचून घेणं) मोड 'व्हेन नीडेड' करून सगळं पहिल्यापासून वाचू देणं. मी तो टाळला, कारण आमचे बिलांचे जुने टेबल मोठे आहेत आणि ते वाचून होईपर्यंत नवीन बदलांना ताटकळावं लागलं असतं. कनेक्टर थांबवून ऑफसेट पुसले (काफ्का 3.6 पासून हे रेस्ट एपीआयवरून होतं, आधी टॉपिकमध्ये हाताने टूमस्टोन, म्हणजे नोंद पुसणारा रिकामा निरोप, टाकावा लागायचा), इतिहासाचा टॉपिक नव्याने बनू दिला, 'नो डेटा' मोडवर (जुना डेटा न वाचता) सुरुवात केली आणि मग सिग्नल टेबलमध्ये (डेबेझियमला हुकूम देण्याच्या टेबलमध्ये) ओळ टाकून एकेका टेबलचा इन्क्रिमेंटल स्नॅपशॉट मागवला. ही सोय डेबेझियम 1.6 पासून आहे, मूळ कल्पना नेटफ्लिक्सच्या डीबीलॉगची. टेबल 1024 ओळींच्या तुकड्यांत वाचलं जातं आणि त्याच वेळी चालू बदलही येत राहतात. मध्ये रीस्टार्ट झाला तरी काम तिथूनच पुढे. फक्त डेबेझियमच्या युजरला सिग्नल टेबलवर लिहायची परवानगी लागते. आमच्याकडे ती नव्हती, आणि अर्धा दिवस त्या एका ग्रँटसाठी फोनाफोनी करण्यात गेला.

सिग्नल टाकण्याआधी मी पुण्याच्या डेटाबेसचा एक पूर्ण डंप काढून ठेवला. दूरदृष्टी वगैरे काही नाही, नुसती भीती. त्यातूनच ती सोळा तासांची बिलं अकाउंट्सला मिळाली.

तिकडे सांगलीत वहीतली बिलं भरायला सुरुवात झाली आणि ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा बिल नंबर) डंपमधल्या आकड्यावरून पुढे निघालं. म्हणजे पुण्यात जो नंबर मिरजेच्या मेडिकलच्या बिलाचा, तोच सांगलीत आता तासगावच्या बिलाचा. बिलाचं मुख्य टेबल अपसर्टने नीट बदललं. पण बिलातल्या ओळींची 'की' (ओळ ओळखायची खूण) म्हणजे बिल नंबर अधिक ओळ क्रमांक. मिरजेच्या बिलात नऊ ओळी होत्या, तासगावच्या बिलात चार. पहिल्या चार बदलल्या आणि पाच ते नऊ मिरजेच्याच राहिल्या. चौथ्या दिवशी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन: "अहो, या माणसाने इन्सुलिन घेतलंच नाही, तुमच्या रिपोर्टमध्ये कुठून आलं?"

स्नॅपशॉट सोर्समध्ये आज जे आहे तेच सांगतो. जे तिथे नाही, त्याबद्दल डिलीटचा इव्हेंट येत नाही, कारण सोर्सच्या लेखी ते कधी घडलंच नव्हतं. ही डेबेझियमची चूक नाही, पण 'स्नॅपशॉट झाला, टास्क हिरवा' म्हणून गप्प बसलो ही माझी. नुसती ओळींची बेरीजही फसवते: इकडे दोन जास्त, तिकडे दोन कमी, आणि आकडा जुळतो. शेवटी सोर्समधल्या सगळ्या प्रायमरी की पुण्यात आणल्या आणि ज्या इथे आहेत पण तिथे नाहीत अशा भुताच्या ओळी शोधून काढल्या.

आता सांगलीत जीटीआयडी, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ओळख नंबर, चालू आहे (8.0 मध्ये ते मुळात बंद असतं). बिनलॉग डिफॉल्ट 30 दिवस राहतात, ते तसेच ठेवलेत. अलर्ट टास्कच्या स्टेटसवर आणि शेवटच्या बिलाच्या वेळेवर. पोस्टग्रेस सोर्स असणाऱ्यांचं दुखणं उलट: तिथे वाचणारा बंद पडला की स्लॉट (वाचणाऱ्याची राखीव जागा) वॉल, म्हणजे पोस्टग्रेसची बदलांची नोंदवही, धरून बसतो आणि सोर्सची डिस्क भरते. पोस्टग्रेस 13 पासून त्याला मर्यादा घालता येते, पण डिफॉल्टमध्ये ती नाही.

पाचपैकी चार. कापलेला एक डॉक्युमेंटेशनचा: सगळं लिहिलेलं आहे, पण दहा ठिकाणी. भुताच्या ओळी शोधणारी क्वेरी आम्ही रोज रात्री चालवतो. गेल्या मंगळवारी तिला दोन सापडल्या, आणि त्या कुठून आल्या ते अजून शोधतोय.