जपानी कॉमेडी, भांडुप ते मशीद स्लो लोकलमध्ये बघून : माझा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, मला जपानी येत नाही. लहानपणी पोगोवर ताकेशीज कॅसल बघायचो तेवढाच काय तो जपानशी संबंध, आणि त्यात पण आपण हसायचो ते जावेद जाफरीच्या कॉमेंट्रीला, मूळ लोकं काय बोलत होती कुणाला ठाऊक. तर गेले तीन-चार महिने सकाळच्या स्लो लोकलमध्ये रील्सचा कंटाळा आला म्हणून जपानी कॉमेडीवाल्यांचे आयटम बघतोय, यूट्यूबवर, फुकट. त्याचा हा रिव्ह्यू.

सुरुवात झाली त्या चड्डीवाल्यापासून. तोनिकाकु आकारुई यासुमुरा, २०२३ च्या ब्रिटन्स गॉट टॅलेंटवाला. गोल पोटाचा माणूस, अंगावर फक्त छोटीशी चड्डी, आणि तो फुटबॉलर, घोड्यावरचा जॉकी, जेम्स बाँड अशा पोझ अशा अँगलने घेतो की चड्डी दिसतच नाही, माणूस पूर्ण उघडा वाटतो, मग उभा राहून म्हणतो, काळजी करू नका, घातलीये! जपानमध्ये हे २०१५ लाच इतकं चाललं होतं की त्या वर्षीच्या टॉप टेन गाजलेल्या शब्दांमध्ये हे वाक्य होतं. ब्रिटनमध्ये त्याने ते इंग्लिशमध्ये केलं, पण जपानी सवयीने नुसतंच 'आय एम वेअरिंग' म्हणून थांबला, काय घातलंय ते म्हणालाच नाही, आणि इंग्लिशला अर्धवट वाक्य सहन होत नाही, त्यामुळे जज बायकाच ओरडल्या 'पँट्स!' झालं, तिथून पुढे प्रत्येक पोझला अख्खं थिएटर ओरडायला लागलं. म्हणजे ग्रामर चुकलं म्हणून आयटम हिट. गडी फायनलपर्यंत गेला.

आता गंमत बघा, मराठीत ही अडचणच येत नाही. नुसतं 'घातलीये' म्हटलं की स्त्रीलिंगावरूनच कळतं काय ते, वरून त्यांचं पँट्स म्हणजे चड्डी आणि आपली पँट म्हणजे फुल पँट, त्यामुळे आईला दाखवताना आधी हे समजवावं लागलं. आई पहिल्या पोझला "शी, बंद कर ते मेलं", दुसऱ्या पोझला पदर तोंडावर, आणि तिसऱ्याला तीच म्हणाली, "घातलीये हो याने." पण खरं सांगू का, हा माल एकदाच खायचा. दुसऱ्या वेळी अर्धी मजा आणि तिसऱ्या वेळी तुम्ही फक्त चड्डी शोधत बसता. पाचपैकी तीन. पिकोतारोचं पेन-पाइनॲपलवालं गाणं आठवत असेल ना २०१६ चं, तसंच, तेव्हा सोसायटीतली सगळी पोरं तेच बडबडत होती, आज लावलं तर पंचेचाळीस सेकंदं पण लांब वाटतात. (एवढंसं गाणं अमेरिकेच्या टॉप हंड्रेडमध्ये घुसलं आणि तिथलं तोपर्यंतचं सगळ्यात छोटं गाणं म्हणून गिनेसमध्ये गेलं, ते वेगळं.)

खरा माल पुढे आहे आणि त्याला म्हणतात मान्झाई. दोन माणसं, मधे एक माइक, बास. एक जण येडचाप बोलतो तो बोके, दुसरा त्याला थांबवतो, झापतो, कधी डोक्यात टपली मारतो तो त्सुक्कोमी. आपल्या तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या काहीतरी वाकडं बोलतो आणि समोरचा त्याला "अरे काय बोलतोस काय" करतो ना, तोच प्रकार, फक्त सुटाबुटात आणि डबल स्पीडने. याची त्यांच्याकडे एम-वन म्हणून स्पर्धा असते, २००१ ला सुरू झाली, मधे २०१० नंतर बंद होती ती २०१५ पासून परत, बक्षीस एक कोटी येन, आणि २०२४ ला दहा हजारांच्या वर जोड्या उतरल्या होत्या. फायनलला चार मिनिटं मिळतात. चार मिनिटं म्हणजे विद्याविहार सुटून कुर्ला येईपर्यंत एक आयटम संपतो, सोयीचं आहे.

त्यात २०२० चे विनर माजिकल लव्हली बघाच. ट्रेनमध्ये सीट मिळाली नाही, पण जोडीतला एक, नोदा, म्हणतो मी हँडल धरणार नाही म्हणजे नाही, आणि मग ट्रेनच्या प्रत्येक झटक्याला स्टेजभर लोळतोय, घरंगळतोय, उठायला जातो तर परत आपटतोय, तोंडातून शब्द नाही, आणि पार्टनर बाजूला उभा राहून ओरडतोय. जपानमध्ये यावर मोठा वाद झाला, जो बोलतच नाही त्याला मान्झाई कसं म्हणायचं म्हणून. मला असल्या वादात इंटरेस्ट नाही पण मी हे घाटकोपरच्या गर्दीत बघत होतो, एका हातात मोबाईल, बॅग पुढे, हँडल मी पण धरलं नव्हतं (धरायची गरजच नसते, पडणार कुठे). शेजारचे एक काका खांद्यावरून बघत होते.

"मुद्दाम पडतोय का हा?"

"हो काका, हँडल धरणार नाही म्हणतो."

"याला दोन दिवस विरार फास्टला पाठवा. पडायला जागाच नाय मिळणार."

आजूबाजूचे चार जण हसले. प्रामाणिकपणे सांगतो, काकांचा पंच नोदापेक्षा भारी होता, आणि नीट बघितलं तर काकांनी जे केलं तेच त्सुक्कोमी. आयटमला साडेचार, काकांना पाच.

आणि मग मिल्क बॉय, २०१९ ची विनर जोडी. सातशेपैकी ६८१ मार्क, एम-वनमध्ये सातशेपैकी एवढे कुणाला मिळालेले नाहीत. दोघांचंही नाव ताकाशी, एक बॉडीबिल्डर टाइप आणि दुसरा बारीक केस कापलेला सरकारी ऑफिसातल्या साहेबासारखा. आयटम काय, तर पहिला म्हणतो, आईला एक आवडता पदार्थ आहे पण नाव आठवत नाहीये. काय सांगते ती? गोड, कुरकुरीत, दूध घालून खातात. मग कॉर्नफ्लेक्सच की! पण आई म्हणते मरायच्या आधी शेवटचं खाणं म्हणून तेच हवं. मग कॉर्नफ्लेक्स नाही, शेवटच्या घासाला कॉर्नफ्लेक्स कोण मागतं! बस एवढंच, होय-नाही, होय-नाही, आणि प्रत्येक फेरीत साहेब बिचाऱ्या कॉर्नफ्लेक्सची अजून थोडी अब्रू काढतो, खोक्यावरचा पौष्टिकतेचा पंचकोन एवढा मोठा दिसतो कारण त्यात दुधाची ताकद पण मोजलीये वगैरे. शेवटी कळतं की बाबांच्या मते तो पदार्थ म्हणजे मीठ लावून भाजलेला बांगडा.

तक्रार एकच, ऑटो भाषांतर. मी वापरतो त्याच्यात साहेब ओरडून झाल्यावर दोन सेकंदांनी खाली अक्षरं येतात, ती पण "ते कॉर्न आई आहे" असली. तरी हा आयटम तुटत नाही, कारण होय कधी आणि नाही कधी ते आवाजावरूनच कळतं. बाकी बऱ्याच जोड्यांचं मात्र डोक्यावरून जातं, शब्दांच्या कोट्या असतात, तिथे आपण मख्ख. निशिकिगोई म्हणून २०२१ चे विनर आहेत, त्यातला हासेगावा पन्नासाव्या वर्षी जिंकला, त्याच्या पिढीने टीव्हीवर तोंड दाखवायचं सोडून दिलं असेल तेव्हा हा वेड्यासारखा "कोन्निचिवाऽऽ" ओरडत येतो, ते बघून बरं वाटतं, पण विनोद मला निम्माच कळला. मार्क देत नाही.

मिल्क बॉयला पाच. इतके पाच की मी आणि मामेभावाने ते आमच्या सोसायटीच्या गणपतीत केलं. कॉर्नफ्लेक्स काढून साबुदाण्याची खिचडी टाकली. आईला पदार्थाचं नाव आठवत नाहीये, म्हणते उपासाला चालतो. मग साबुदाण्याची खिचडीच! पण म्हणते खाल्ल्यावर पोट हलकं वाटतं. मग खिचडी नाही, खिचडी खाऊन माणूस सोफ्यावरून उठत नाही! पण म्हणते दाण्याचं कूट असतं. मग खिचडीच! इथपर्यंत जबरदस्त चाललं होतं, पोरं हसत होती. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून सावंत काकू मोठ्याने, "अरे वरीचे तांदूळ असतील." त्यांच्या मागून कुणीतरी, "वरी नाय हो, राजगिरा." पुढे पाच मिनिटं अख्खं मंडळ आमच्या न आठवणाऱ्या आईला मदत करत होतं. मामेभाऊ माइकवर ओरडतोय "बाबा म्हणतात तळलेलं पापलेट!", तो आमचा शेवटचा पंच, कुणाचं लक्षच नाही.

रात्री आरती झाल्यावर प्रसाद घेताना काकू परत आल्या. म्हणाल्या, आईला विचार रे, शिंगाड्याचा शिरा का?