स्प्रिंगची जुनी मॅच रायफल की नवी पीसीपी? खान्देशात बसून निवड करताना

जळगाव, भुसावळ, धुळे इथले ओळखीचे पालक मला एकच प्रश्न विचारतात. पोरीला दहा मीटर एअर रायफलचा नाद लागलाय, सरांची रायफल किती दिवस मागायची, आता घरची घ्यायची तर कुठली? एकीकडे कुणीतरी विकायला काढलेली पन्नासेक वर्षांपूर्वीची जर्मन स्प्रिंगची रायफल असते आणि दुसरीकडे पुण्या-मुंबईच्या पोरांच्या खांद्याला दिसणारी पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. माझं मत आधीच सांगतो. गावात हवा भरायची खात्रीची सोय नसेल तर सुरुवातीला जुनी घ्या. फक्त पोर लहान चणीचं असेल तर हा सल्ला उलटा होतो.

आधी एक घोळ मिटवू. सारंगखेड्याच्या जत्रेत फुगे फोडायला मिळते ती नळी मोडून भरायची बंदूक या तुलनेत नाही. ती सुटताना आधी मागे आणि मग पुढे झटका देते, आणि छर्रा तेव्हा अजून नळीतच असतो. प्रत्येक वेळी हात तसाच सैल ठेवला तरच छर्रे एका जागी पडतात. त्या जातीची चांगली देशी रायफल दहा-पंधरा हजारांत येते आणि शालेय स्पर्धांत ओपन साइटचा, म्हणजे साध्या खाचेतून नेम धरायचा, वेगळा गट असतो, तिथे ती चालून जाते. पोराची हौस खरी आहे की चार महिन्यांची, हे बघायला तेवढी पुरे.

कायद्याचंही एका दमात सांगतो. ४.५ मिमी नळीची आणि २० जूलपेक्षा जास्त ताकद नसलेली एअर रायफल विनापरवाना घेता येते, दुकानात ओळखपत्र घेऊन जा. दहा मीटरच्या मॅच रायफली, म्हणजे स्पर्धेसाठीच बनवलेल्या, साडेसात-आठ जूलच्या आसपास असतात. शेतात रानडुकरं हाकलायला चालेल का, असं विचारणाऱ्या भाऊंना माझं उत्तर 'नाही' असतं, ताकदीच्या हिशेबाने आणि कायद्यानेही.

आता जुनी मॅच रायफल. तिच्यातही स्प्रिंग आणि पिस्टनच, पण झटका जिरवायची युक्ती वेगळी. फाइनवेर्कबाऊ ३००एस या रायफलीत घोडा ओढला की नळीसकट सगळी यंत्रणा दस्त्यातल्या रुळांवर किंचित मागे सरकते, त्यामुळे खांद्याला जवळजवळ काही कळत नाही. डायना ७५ मध्ये दोन पिस्टन एकमेकांच्या विरुद्ध दिशेने धावतात आणि धक्का आपसांत फिटतो. बाजूचा दांडा ओढा, छर्रा ठेवा, मारा. हवा लागत नाही, वीज लागत नाही. पंप आणि सिलिंडरची मुदत या भानगडीही नाहीत. लोडशेडिंगच्या गावात ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मुंबईच्या दुकानदाराला कळत नाही.

दोन्हींतली मी ३००एस निवडेन. तिच्या पिस्टनला धातूची रिंग असते, तिला सहसा काही होत नाही. डायना ७५ ची सीलं मात्र वयाने भुगा होतात, आणि दोन पिस्टनांचे दाते जुळवून बसवणं हे गल्लीतल्या मिस्त्रीचं काम नव्हे. डायना घ्यायचीच असेल तर सीलं कधी बदलली हे आधी विचारा. विकणारा आठवत बसला तर बदललेली नाहीत असं धरा. दोन्हींना तेल सढळ हाताने पाजू नका. पिस्टनपुढे तेल साचलं की दाबाने पेट घेतं, धूर आणि बार निघतो. पोरांना मजा वाटते, स्प्रिंगचं मात्र आयुष्य घटतं. आणि छर्रा न घालता स्प्रिंगची रायफल कधीही सोडू नका.

पीसीपी नेमबाजीसाठी चांगली आहे, यात वाद नाही. घोडा ओढल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत आत हलणारा जड भागच नसतो, म्हणून रायफल जागची हलत नाही. रेग्युलेटर दर वेळी तेवढीच हवा सोडतो. दहा मीटरवर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा आणि मोठ्या स्पर्धेत ६० छर्रे, प्रत्येकाला जास्तीत जास्त १०.९ गुण. तिथे दशांशावर क्रम ठरतो, म्हणून वरच्या पातळीवर आज सगळे पीसीपीच वापरतात. रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत याच प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवलं. (स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं, ती रायफल .२२ काडतुसाची. तो मध्य रेल्वेचा, म्हणून भुसावळच्या रेल्वे कॉलनीत त्याचं नाव निघतंच आणि दोन्ही प्रकारांची गल्लत होते.)

पण हवा आणायची कुठून? मॅच रायफलीचा सिलिंडर साधारण २०० बार दाबाला भरतात, म्हणजे चारचाकीच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपट. पंक्चरवाल्याकडे ते होत नाही. एकतर समुद्रात बुडी मारणारे पाठीला बांधतात तसली मोठी टाकी भरून आणा, नाहीतर हातपंप मारा. एकदा भरला की दोनशेच्या वर छर्रे निघतात, तक्रार तिथे नाही. पण मे महिन्यात पारा ४५ वर असताना हातपंप मारून बघा. पंप तापतो, मध्येच थांबावं लागतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा पंपातून थेट आत जातो आणि रेग्युलेटरची वाट लावतो. ओलावा शोषणारी नळी पंपाला लावायचीच, हा खर्च कुणी आधी सांगत नाही.

उन्हाचं आणखी एक. २० अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापला की दाब २२७ च्या आसपास जातो. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात तो काठोकाठ भरत नाही आणि गाडीत सोडत नाही.

मी स्वतः यात हात पोळून घेतलेत. मोठ्या मुलासाठी एका ओळखीच्याकडून जुनी पीसीपी घेतली. गावाकडचे आप्पा म्हणालेच होते, 'कसाले इतला पैसा घालस?' रात्री भरलेली हवा सकाळी अर्धी. सील गेलं होतं, आणि सिलिंडरवर छापलेली मुदतही उलटून गेली होती, ती मी वाचलीच नव्हती. रायफल मुंबईला दुरुस्तीला गेली ती पाच आठवडे. तेवढ्यात जिल्हा स्पर्धा आली. पोराने मागून आणलेल्या ३००एसवर ती मारली आणि पीसीपीवर सरावात पडायचे त्यापेक्षा त्याचे गुण फार कमी आले नाहीत. त्या पातळीवर रायफलीपेक्षा श्वास आणि पाय जास्त गुण खातात.

आता उलट बाजू. ३००एस पाच किलोच्या आसपास आहे आणि तिचा दस्ता ठरलेल्या मापाचा लाकडी. बारा वर्षांच्या पोरीला तो लांब होतो. मग ती कंबर वाकडी करून, मान पुढे ताणून रायफलीशी जुळवून घेते आणि ती खोड पुढे वर्षभर जात नाही. नव्या रायफलीत गाल टेकायचा भाग, खांद्याकडचा भाग, लांबी सगळं स्क्रूवर मागेपुढे होतं. लहान मुलांसाठी हलकी मॉडेलंही मिळतात. दीडशे सेंटिमीटरच्या आतलं पोर असेल तर हवेचा त्रास सोसा पण पीसीपीच घ्या, किंवा सुताराकडून जुन्या दस्त्याची लांबी कमी करून घ्यायची तयारी ठेवा. मूळ लाकूड कापायला जीव होत नाही, पण पोराची पाठ जास्त महाग आहे.

पैशाचा हिशेब थोडक्यात. नवी परदेशी मॅच पीसीपी काही लाखांच्या घरात जाते, वर पंप किंवा टाकी. जुन्या स्प्रिंगच्या रायफलीचा भाव विकणाऱ्याच्या गरजेवर. नेमबाजीचं जॅकेट-पॅन्ट दोन्हींकडे लागणारच.

जुनी बघायला जाल तेव्हा स्वतःच्या चपट्या तोंडाच्या छर्र्यांचा डबा न्या. रायफल टेबलावर टेकवून दहा मीटरवर पाच छर्रे मारा. सगळे एकाच भोकात गेले, पीप साइटचे (डोळ्याजवळच्या बारीक भोकातून नेम धरायच्या साधनाचे) स्क्रू खळखळत नसले आणि दांडा ओढताना करकर झाली नाही, तर मग भावाची घासाघीस सुरू करा. पीसीपी असेल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा, भरून घ्या, दाबाचा आकडा लिहून ठेवा आणि विकणाऱ्याला सांगा, पैसे उद्या सकाळी आकडा बघून देतो.