घरात हार्टपेशंट आहे, मग अझिथ्रो घ्यायचं की दुसरं काही?

"बाबांची बायपास झालीय, त्यांना अझिथ्रो चालेल ना हो?" पावसाळा सुरू झाला की मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. चिठ्ठी बदलायचा अधिकार माझा नाही, डॉक्टरांचाच. पण त्यांना नेमकं काय विचारायचं, हे ठरवायला अझिथ्रो, म्हणजे अझिथ्रोमायसिन, आणि इतर नेहमीची अँटिबायोटिक्स एकमेकांशेजारी ठेवून बघायला हरकत नाही.

आधी धोका कसला ते बघू. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पोटॅशियम बाहेर सोडतात आणि पुढच्या ठोक्याला तयार होतात. काही औषधं ही वाट थोडी अडवतात. तयारीला वेळ लागतो आणि ईसीजीवर 'क्यूटी' नावाचं अंतर लांबतं. साधारणपणे पुरुषांत 450 आणि बायकांत 460 मिलिसेकंदांपर्यंत चिंता नसते. 500 ओलांडलं की ठोके भलतीच लय धरतील अशी भीती असते. मग माणूस घेरी येऊन पडतो, आणि क्वचित जिवावरही बेततं.

अझिथ्रोमायसिनचं नाव यात सगळ्यांत जास्त घेतलं जातं, कारण खपही तसाच आहे. भारतातल्या खासगी बाजारात 2019 साली सर्वाधिक वापरलं गेलेलं अँटिबायोटिक म्हणजे याचीच 500 मिलिग्रॅमची गोळी. गाजावाजा झाला तो 2012 च्या एका अमेरिकी अभ्यासामुळे. टेनेसी राज्यातल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाच दिवसांच्या दर दहा लाख कोर्समागे अमॉक्सिसिलिनच्या तुलनेत हृदयविकाराचे 47 मृत्यू जास्त दिसले. ज्यांचं हृदय मुळातच सर्वांत धोक्यात होतं, त्या दहा टक्के लोकांत हा आकडा 245 वर गेला. 2013 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, इशारा दिला. त्याच वर्षी डेन्मार्कमधून तरुण आणि मध्यमवयीन लोकांवरचा अभ्यास आला, त्यात मात्र पेनिसिलिनपेक्षा जास्त धोका आढळला नाही. माझ्या मते दोन्ही अभ्यास एकच सांगतात. गोळी तीच असली तरी घेणारा कोण, यावर सगळं ठरतं. पस्तिशीतल्या धडधाकट माणसाने छातीवर हात ठेवून बसायचं कारण नाही. हृदयाचा पंप कमजोर असेल, ठोके मंद असतील किंवा पूर्वी क्यूटी लांबलेलं असेल, तर मात्र डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. तीन दिवसांत गोळ्या संपल्या तरी हे औषध शरीरातून जायला बरेच दिवस घेतं, निम्मं बाहेर पडायलाच जवळपास 68 तास लागतात. त्यामुळे "कोर्स कालच संपला" म्हणून आज उलटीसाठी ओन्डान्सेट्रॉन बिनधास्त घेता येतं, असं नाही, कारण तेही क्यूटी लांबवतं.

अझिथ्रोऐवजी क्लॅरिथ्रोमायसिन मागणारे भेटतात, कुणीतरी 'ते सौम्य' म्हणून सांगितलेलं असतं. हृदयरोग्यासाठी हा सौदा उलटाच पडतो. क्यूटी तर तेही लांबवतं, शिवाय यकृतात इतर औषधं पचवणारी यंत्रणा अडवून धरतं. कोलेस्ट्रॉलची सिमव्हास्टॅटिन याच्यासोबत घ्यायचीच नाही. अॅटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायू दुखायला लागतात. बीपीची अॅम्लोडिपिन चालू असेल तर बीपी फार खाली येऊ शकतं. डेन्मार्कमध्ये हृदयरोग्यांना दोन आठवडे क्लॅरिथ्रो देऊन दहा वर्षं नोंदी ठेवल्या, त्यात मृत्यू जास्त निघाले. तेही औषध थांबून वर्ष उलटल्यावर. असं का व्हावं, याचं पक्कं कारण सापडलेलं नाही, तरी 2018 मध्ये एफडीएने हृदयरोग्यांना ते देताना दोनदा विचार करा, असं डॉक्टरांना बजावलं. अझिथ्रो या यंत्रणेला फारसं धक्का लावत नाही, एवढं त्याच्या बाजूने. हृदयाची डिगॉक्सिन ही गोळी घेणाऱ्यांनी मात्र दोन्हींच्या बाबतीत डॉक्टरांना आधी विचारावं.

लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनचा त्रास दुहेरी आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिन क्यूटी इतक्या हमखास लांबवतं, की नव्या औषधांच्या चाचण्यांत 'आपली मोजणी बरोबर चालली आहे ना' हे पडताळायला मुद्दाम हेच वापरतात. दुसरं म्हणजे महाधमनी. पोटातली किंवा छातीतली मोठी धमनी फुगलेली असेल, तर ती फाटण्याचा धोका या गटाने वाढतो, हा एफडीएचा इशारा 2018 च्या डिसेंबरचा. त्यात मधुमेह असेल तर साखर एकदम उतरू शकते. साध्या खोकल्याला हे औषध सुरू केलं तर आपल्याकडे वेगळीच पंचाईत होते. क्षयरोग असेल तर तो आठ-दहा दिवस दबतो, बरं वाटतं आणि निदान लांबतं.

इथे दुकानदाराची कळकळीची सूचना. फोनवर नुसतं 'मॉक्सची गोळी' मागू नका. अमॉक्सिसिलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही नावं घाईत सारखीच ऐकू येतात, आणि हृदयाच्या दृष्टीने पहिलं या यादीच्या निर्धोक टोकाला आहे, तर दुसरं धोक्याच्या.

अमॉक्सिसिलिन, किंवा क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडबरोबरची त्याची जोडगोळी, हृदयाच्या लयीला हात लावत नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर ते बाद. जोडगोळीने अनेकांना जुलाब होतात. डॉक्सिसायक्लिनही क्यूटीच्या बाबतीत निर्धोक. कोकणात लेप्टोच्या दिवसांत ते ओळखीचंच झालंय. फक्त पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. गरोदरपणात ते टाळतात. रक्त पातळ करायची वॉर्फरिन किंवा अॅसेनोकुमॅरॉल चालू असेल, तर यांपैकी कोणतंही अँटिबायोटिक सुरू झाल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, लवकर तपासून घ्यावा.

मग सरळ अमॉक्सिसिलिनच घ्यावं का? रोगाला ते लागू पडत असेल तर हृदयरोग्यासाठी मी म्हणेन हो. पण टायफॉइडमध्ये अझिथ्रोच लागण्याची वेळ येते, तिथे हृदयाच्या नावाखाली औषध नाकारणं महागात पडेल. ईसीजी काढून ते देता येतं. आणि सर्दी-खोकला विषाणूचा असेल तर या सगळ्यांपेक्षा काहीच न घेणं चांगलं.

खरी गडबड होते ती बरोबरच्या औषधांमुळे. गेल्या श्रावणात एक काकू चिठ्ठी घेऊन आल्या. अझिथ्रो 500, आणि पित्तासाठी पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल. ही जोडी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते, पण डोमपेरिडोनही क्यूटी लांबवतं. "घरच्या गोळ्या कोणत्या?" विचारलं, तर त्यांनी पिशवीच पालथी केली. त्यात लघवीची गोळी होती, तिने पोटॅशियम उतरतं. दोन दिवस जुलाबही होत होते, त्याने आणखी उतरतं. आणि एक पट्टी कात्रीने अशी कापलेली, की फॉइलवर नावाचं एक अक्षर उरलं नव्हतं.

"ही कशाची, काकू?"

"झोपेची असेल. सूनबाईने आणलीय."

सूनबाईला फोन लावला. खोक्यावर एसिटॅलोप्राम लिहिलं होतं, उदासीनतेवरचं. तेही क्यूटी लांबवणाऱ्यांतलंच, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांना फोन केला. त्यांनी डोमपेरिडोन काढलं, अझिथ्रोऐवजी डॉक्सिसायक्लिन सांगितलं, पोटॅशियम तपासायला पाठवलं आणि नवी चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर धाडली.

"एवढ्याशा गोळीपायी पाऊण तास बसवलंस मला," काकू पिशवी आवरताना म्हणाल्या. त्या कापलेल्या पट्टीवर मी मार्करने नाव लिहून दिलं.