लिम्फ ड्रेनेज मालिश, आठ महिने रोज: आधी तेलाची बाटली बाजूला ठेवा

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या की लसिका, म्हणजे शरीरातलं जादा पाणी वाहून नेणारा द्रव, तुंबून हाताला सूज येऊ शकते. माझ्या हाताला ती आली, म्हणून थेट मुद्द्यावर येते. रोज सकाळी २० मिनिटं मालिश आणि दिवसभर क्लास २ची (मध्यम दाबाची) स्लीव्ह, म्हणजे हात आवळून धरणारी इलॅस्टिकची बाही, असं आठ महिने चालू आहे.

मालिश म्हटलं की आपल्याकडे हात तेलाच्या वाटीकडे जातो. इथे तेल नकोच! व्होडर दांपत्याने १९३६ मध्ये पॅरिसमध्ये मांडलेली ही पद्धत कातडीची आहे, स्नायूंची नाही. लसिकेच्या बारीक नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात आणि कातडी हलकेच ताणली की उघडतात. तेलावर बोटं घसरतात, कातडी जागची हलत नाही. कोरडा पंजा सपाट ठेवायचा, कातडी सरकवायची, सोडायची. खालचा स्नायू बोटांना लागला तर दाब जास्त झाला. तेल लावून रगडणाऱ्या बाईंना दिलेले पैसे अक्षरशः पाण्यात गेले.

सुजलेल्या हातापासून सुरुवात करू नका. पुढची वाट तुंबलेली असेल तर पाणी जाणार कुठे? आधी पोटातून पाच खोल श्वास. मग हासळीच्या वरचे खळगे, चांगल्या बाजूची काख, ऑपरेशनच्या बाजूची जांघ, प्रत्येक जागी ५ ते ७ वेळा. त्यानंतर छातीवरून पलीकडच्या काखेकडे आणि कुशीवरून खाली जांघेकडे. हात शेवटी: दंड, मग कोपराखालचा भाग, मग पंजा, दिशा कायम वर. दंडावरचं पाणी ऑपरेशनच्या काखेत न नेता बाहेरून खांद्यावरून घ्यायचं.

तिसऱ्या महिन्यापर्यंत सगळं श्रेय मालिशला देत होते. ते चुकलं. मालिश रोज चालू असूनही मनगटापासून १० सेंटिमीटरवरचं हाताच्या घेराचं माप २ सेंटिमीटरने वाढलं, कारण स्लीव्ह ढिली पडली होती. आणि ती ढिली पडली आंघोळीनंतर हाताला लावलेल्या खोबरेलाने! तेलाने इलॅस्टिक मरतं. कातडी मऊ ठेवायलाच हवी, पण तेल किंवा क्रीम रात्री, स्लीव्ह काढल्यावर.

आता दोन स्लीव्ह आलटून पालटून वापरते. सौम्य साबणाने हाताने धुवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. तरी सहा महिन्यांनी नवी लागतेच. चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, कापड नीट वर सरकतं. वरची कड दुमडू नका; दुमडीखाली दाब दुप्पट होतो आणि दोरी बांधल्यासारखा हात खाली फुगतो.

ड्रेनची नळी (ऑपरेशनच्या जागी साचणारं पाणी बाहेर काढणारी) निघून सर्जननी हो म्हटल्याशिवाय मालिश सुरू करू नका. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर मालिश बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.