मोर्चासाठी २५ वॅटचा मेगाफोन: घेताना काय बघावं

मोर्चात चालणारे घोषणा एकमेकांच्या तोंडून उचलतात. मेगाफोन लागतो तो फुटपाथवरच्या माणसासाठी. बस अडकल्याने वैतागलेल्या त्या माणसाला मागणी समजली, तरच तो आपल्या बाजूने बोलेल. म्हणून या खांद्याला अडकवायच्या भोंग्याची कसोटी एकच: रस्त्यापलीकडे शब्द कळतो का?

कळतो, पण नीट वापरला तर. डब्यावर छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला. गाड्यांच्या गोंगाटात त्यावर विसंबू नका. माइक ओठांपासून दोन-तीन बोटं लांब धरा आणि सावकाश बोला. ओरडलं की आवाज फाटतो, शब्द जातात. वायरचा सुटा माइक असलेलाच मेगाफोन घ्या: भोंगा एकाच्या खांद्यावर, तोंड फुटपाथकडे, किंचित वर, बोलणारा त्याच्या मागे. माइक भोंग्यासमोर आला की शिट्टी वाजलीच. घोषणांच्या मधे एक साधं वाक्य पुन्हा पुन्हा सांगा: कोण आलोय, कुठून, काय हवंय.

मोठा दोष सायरनच्या बटणाचा. बऱ्याच मॉडेलांत ते बोलायच्या बटणाला चिकटूनच असतं. चुकून दाबलं गेलं तर मागच्यांना काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं आणि रेटारेटी होते. घेतल्या दिवशीच त्यावर चिकटपट्टी लावा.

रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रातही. हा नुसता कायद्याचा प्रश्न नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले शेतकरी सायनच्या सोमय्या मैदानातून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले, कारण १२ तारखेला दहावीची परीक्षा होती आणि मुलांना त्रास द्यायचा नव्हता. मुंबईकरांनी पाणी, खाणं, चपला आणून दिल्या. कसत असलेल्या वनजमिनी नावावर करण्यासह बहुतेक मागण्यांवर त्याच दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिलं.

अंमलबजावणीसाठी मात्र २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा चालावं लागलं. म्हणून टिकाऊपणा बघा. आधी तुटते ती माइकची गुंडाळीची वायर. ती सुटी मिळते का, हे दुकानातच विचारा. आत बसवलेल्या बॅटरीपेक्षा जाड्या सेलवर चालणारा बरा, सेल तालुक्याच्या बाजारातही मिळतात. जुने-नवे सेल मिसळू नका, आणि मोर्चा संपला की काढून ठेवा, नाहीतर ते गळून आतल्या पट्ट्या गंजतात.