मतदानाची आठवण करून देणारी सेवा : तीन प्रश्न उत्तम, बाकी भरताड

मतदानाच्या दिवशी घराबाहेर पडायला मदत करणाऱ्या मोबाइलवरील एका सेवेत मी गेल्या निवडणुकीपूर्वी नाव नोंदवले. मला राजकीय मते नव्हती असे नाही. मते भरपूर होती, तरीही लागोपाठ दोन निवडणुकांत ‘थोड्या वेळाने जाऊ’ म्हणता म्हणता मतदानाची वेळ संपली होती. तेव्हा हे परीक्षण एका चालढकल करणारीचे आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

नोंदणीनंतर आठवडाभर रोज एक संदेश येत राहिला : मतदान हा हक्क आहे, ते कर्तव्य आहे, तुमच्या एका मताने निकाल ठरेल. चौथ्या दिवसापासून मी ते न वाचताच पुसू लागले. शेवटचा दावा तर सेवेने करूच नये. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता इतकी अल्प असते की निव्वळ नफ्यातोट्याच्या हिशेबाने रांगेत उभे राहण्याची तसदी परवडत नाही, हे अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच मांडले होते. तरीही कोट्यवधी लोक मत देतात, याचा अर्थ त्यांना घराबाहेर काढणारे कारण या हिशेबात सापडणारे नाही.

सेवेचा खरा गुण आदल्या संध्याकाळी दिसला. तिने तीनच प्रश्न विचारले : उद्या किती वाजता जाणार, कुठून निघणार, आणि त्याआधी काय करत असाल? मी लिहिले : नऊ वाजता, घरून, कपडे वाळत घालून झाल्यावर. सकाळी पावणेनऊला उपदेशाचा एकही शब्द नसलेला संदेश आला : ‘कपडे वाळत घालून झाले असतील, तर निघा.’ माझेच शब्द मला परत मिळाल्यामुळे ते टाळणे अवघड गेले.

हे प्रश्न सेवेची स्वतःची कल्पना नव्हेत. २००८ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीआधी डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स या संशोधकांनी मतदारांना दूरध्वनीवरून असेच प्रश्न विचारले होते. ज्यांच्याशी संपर्क झाला, त्यांच्यातील मतदानाची टक्केवारी सुमारे ४ अंकांनी वाढली. घरात एकच मतदार होता तिथे ही वाढ ९ अंकांहून अधिक होती, तर एकाहून अधिक मतदारांच्या घरांत ती जवळजवळ दिसलीच नाही. भरल्या घरात ‘कधी निघायचे’ हे बहुधा आपोआपच बोलले जात असावे. मी एकटी राहते, त्यामुळे माझा अनुभव इतरांना जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

तुम्ही मत दिले की नाही हे ओळखीच्या लोकांना कळवण्याची सोयही सेवेत आहे आणि ती आपोआप सुरू असते. मी ती बंद केली. तिचा परिणाम होत नाही म्हणून नव्हे. मिशिगन राज्यात २००६ मध्ये झालेल्या प्रयोगात केवळ कर्तव्याची आठवण देणाऱ्या पत्रांनी मतदानाची टक्केवारी १.८ अंकांनी वाढली, तर शेजाऱ्यांच्या मतदानाची नोंद दाखवणाऱ्या आणि निवडणुकीनंतर ती पुन्हा पाठवू असे सांगणाऱ्या पत्रांनी ती ८.१ अंकांनी वाढली. इतके जालीम औषध न विचारता पाजणे मला पटत नाही. ज्याला हवे असेल, त्याने ते मागून घ्यावे.

मोठी उणीव मात्र वेगळीच निघाली. मी चप्पल घालत असतानाच दारात पाहुणे आले आणि नऊची वेळ टळली. अकरा वाजता सेवेने ‘मत दिलेत का?’ असे विचारले, मी ‘नाही’ कळवले, आणि त्यानंतर ती दिवसभर गप्प राहिली. नेमका तेव्हाच तिने तोच प्रश्न पुन्हा विचारायला हवा होता : मग आता किती वाजता? शेवटी मीच कागदाच्या चिठोऱ्यावर ‘चार वाजता, पाहुणे गेल्यावर’ असे लिहून दाराला चिकटवले आणि सव्वाचारला मत देऊन आले. पुढच्या निवडणुकीआधी त्यांनी वेळ बदलण्याची सोय दिली, तर कर्तव्याचे सगळे संदेश काढून टाकले तरी माझी तक्रार नसेल.